पाण्यावर मोजलेले चकोर

मी आयुष्यात एकही पक्षी मारलेला नाही. झुरळ मारायचं झालं तरी चप्पल दुसऱ्याच्या हातात देते आणि तोंड फिरवते. पण एकदा मी बसल्याजागी, कहवा पीत पीत, एका अख्ख्या दरीतले चकोर मारायला काढले होते. बंदूक नव्हती. पेन्सिल होती.

संपादकांनी आखातातल्या नोकरीवर लिहा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांना शाळेतलं काहीतरी हवं असणार. मस्कतला वादी कबीरमधल्या एका शाळेत मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण शाळेतल्या गमती सगळेच मास्तर लिहितात आणि त्या सगळ्या सारख्याच असतात. मी त्यानंतरच्या जेमतेम दोन वर्षांच्या नोकरीबद्दल लिहिते. मी ओमानच्या डोंगरात चकोर मोजत असे. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "खरोखरचे?"

त्यांचा दोष नाही. आपल्याकडे चकोर कवितेत राहतो आणि चांदणं पितो. तिथला डोंगरात राहतो आणि पाणी पितो. डोकं काळं, डोळ्यावरून पांढरी पट्टी, अंग राखाडी, पाय तांबूस. उडायचा त्याला भारी कंटाळा. घाई झाली की तुरुतुरु पळतो, लग्नाचा मुहूर्त गाठायला निघालेल्या जाड मावशीसारखा. शास्त्राच्या दृष्टीने तो आपल्या चकोराचा चुलतभाऊ, तिकडे त्याला हजल म्हणतात. मी मात्र शेवटपर्यंत चकोरच म्हटलं.

ही दोन हजार दहानंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे आताच्या मानाने कोवळी पोर. आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं आणि शाळेनेही निरोपाचा हार घातला होता. मुलगी प्राची, जावई आणि नात ईरा अल् खौदला राहायचे. मी वादी कबीरच्या जुन्याच दोन खोल्यांत. शुक्रवारी सकाळी जावई न्यायला यायचा, संध्याकाळी आणून सोडायचा. मधले सहा दिवस माझे स्वतःचे असायचे. आयुष्यभर मी "मला मेलीला स्वतःचा म्हणून वेळ नाही" म्हणून कुरकुर केली होती. देवाने ऐकलं.

त्यात व्हिसाची भानगड. नवऱ्याच्या नावावरचा व्हिसा नवऱ्याबरोबर जातो, शाळेचा शाळेबरोबर. लेकीच्या जवळ राहायचं तर कुणीतरी मला नोकरीवर ठेवायला हवं होतं. अल् खुवैरला पर्यावरणाचे अहवाल लिहून देणारी एक छोटी कंपनी होती. तिथले कुरियन सर माझ्याहून तेरा वर्षांनी लहान, पण त्यांच्या दोन्ही मुलांना मी बेडकाचं पोट फाडायला शिकवलं होतं. त्या पुण्याईवर मला काम मिळालं.

काम काय, ते सांगते. डोंगराळ भागातल्या शिकारी पक्ष्यांबद्दलच्या नियमांत बदल करायचा एक प्रस्ताव होता. तोवर चकोर मारायला बंदीच होती, आणि चोरून मारणारे चोरून मारतच होते. प्रस्ताव असा की मोजक्या दऱ्या हिवाळ्यात थोडे दिवस परवाना घेतलेल्यांसाठी उघडायच्या. माणशी दिवसाला किती पक्षी ते ठरवून द्यायचं. जाळं बंद, चालत्या गाडीतून गोळी बंद. बाकी दऱ्यांवर कडक पहारा. आता कुठली दरी उघडायची? जिथे पक्षी भरपूर आहेत ती. आणि भरपूर आहेत हे कोण सांगणार? तर सुमनबाई.

पक्षी मोजणं म्हणजे त्यांच्या मागे धावून डोकी मोजणं नव्हे. नकाशावर कंप्यूटर चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठेही ठिपके टाकतो. आपण त्या ठिपक्यावर उजाडायच्या आत जाऊन बसायचं. आधी पाच मिनिटं दगड व्हायचं, म्हणजे पक्षी आपल्याला विसरतात. मग दहा मिनिटं ठिपक्याभोवतीच्या ठरलेल्या वर्तुळात जेवढे दिसतील, ओरडतील, तेवढे लिहायचे. एका जागी तीन सकाळी. पुढे ऑफिसात तो आकडा दरीच्या आकाराने गुणतात. सगळी मदार ठिपक्यावर असते. ठिपका कड्यावर पडला तर कड्यावर बसायचं. आपल्याला सोयीची जागा निवडली की मोजणी संपली. हे सगळं मला पहिल्याच दिवशी समजलं होतं, कारण मी हुशार होते. मी एक खाकी जाकीट शिवून घेतलं होतं, अकरा खिशांचं. त्यातल्या दोन खिशांत शेंगदाण्याचे लाडू असायचे, बाकीच्यांत काय ठेवायचं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही.

मला गाडी येत नव्हती. त्या देशात गाडी न येणं म्हणजे पाय नसणंच. लायसन्ससाठी पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची परीक्षा मी पाचदा दिली आणि पाचही वेळा पिंपं माझ्यावर हसली. म्हणून कंपनीने ड्रायव्हर म्हणून दाऊदभाईंना दिलं. दाऊदभाई रत्नागिरीकडचे, तीस वर्षं ओमानात, अरबी अशी बोलायचे की ओमानी माणूसही त्यांना गाव विचारायचा. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे मी त्यांची "टीचर". मनात आलं की ते बोलायचे, नाहीतर घाट संपेपर्यंत गप्प.

ज्या दरीची ही गोष्ट, तिच्या वाट्याला एकच ठिपका आला होता. गाडीरस्ता संपायचा तिथे एक घर, खजुराची पाच-सात झाडं, बकऱ्या आणि सिमेंटची पाण्याची डोण. ठिपका तिथून पाऊण तास वर, जुन्या पडीक शेतांच्या पायऱ्यांवर. पहिल्या सकाळी मी दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत चढले, बसले, दगड झाले. दहा मिनिटांत एकही पक्षी नाही. फक्त वारा. वही मिटली आणि मला रडू आलं. हे गेल्यावर दवाखान्यात, घरी, अंत्यविधीला, कुठेच नीट रडले नव्हते. तिथे बसून मोठ्याने रडले. कुणी ऐकायला नव्हतं हे बरंही वाटलं आणि त्याचंच जास्त रडू आलं.

खाली उतरले तर डोणीपाशी एक बाई चटईवर बसली होती. माझ्याच वयाची, दोन-चार वर्षं इकडे तिकडे. तिने हाताने बोलावलं. दाऊदभाई रीत सांभाळून लांब गाडीपाशी उभे होते. ते तिथून ओरडून मराठी करायचे, आणि मी बोलले की ओरडून अरबी करायचे. मधे बकऱ्या.

"म्हणतेय, बसा. कहवा घ्या. हिचं नाव उम्म सालिम, सालिमची आई. सालिम मस्कतला असतो. तुमचं कोण असतं विचारतेय."

"मुलगी. प्राची."

अरबीत प नाही, च नाही. माझी झाली उम्म ब्राशी.

तिने हातभर लांब चोचीच्या किटलीतून कानातल्या कुडीएवढ्या फिंजानात कहवा ओतला. वेलचीचा, कडू. सोबत खजूर. मी प्यायले. तिने परत ओतला. मी प्यायले. नाही म्हणणं वाईट दिसेल म्हणून पीतच राहिले. अकराव्या फिंजानाला दाऊदभाईंना राहवलं नाही.

"टीचर, पेला हलवा! हातात धरून असा हलवा. त्याशिवाय ती थांबायची नाही, संध्याकाळ होईल."

"आधी नाही का सांगायचं?"

"मला वाटलं तुम्हाला आवडला."

मी फिंजान हलवला. उम्म सालिम इतकी हसली की ओढणी डोळ्यांना लावली. चोवीस वर्षं मी त्या देशात होते. शाळा, भारतीय किराणा, मंडळाचा गणपती आणि विमानतळ, एवढ्यात चोवीस वर्षं बसवली होती. एकाही ओमानी घरच्या चटईवर बसले नव्हते. पोरांना मात्र स्थलांतर शिकवत होते.

कहवा पिता पिता पाहिलं तर डोणीवर चकोर. दोन आले, मागून चार, मग मी मोजायचं सोडून नुसती बघत बसले. बकऱ्यांच्या पायांतून बिनधास्त पाणी पीत होते. उम्म सालिम रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर डोण भरायची आणि काठावर कुटलेल्या खजुराच्या बिया टाकायची. बिया बकऱ्यांच्या, पण पक्षी आपला वाटा घ्यायचे. तिच्याआधी सासू डोण भरायची, सासूच्या सासूने तिथे पाटाचं पाणी वळवलं होतं. सालिम महिन्यातून एकदा यायचा. "हे रोज येतात," ती पक्ष्यांकडे हनुवटी करून म्हणाली.

आता पुढच्या दोन सकाळी त्या अठ्ठावन्न वर्षांच्या हुशार मुलीने काय केलं असेल? ती वर चढलीच नाही. तिने स्वतःची समजूत घातली. गुडघा दुखतोय. आवाज काय, खालूनही ऐकू येतो. दरी तीच आहे. आणि पहिल्या दिवशीचं शून्य वाऱ्यामुळे आलं असणार, ते खोडावंच. मग ती डोणीपासून दहा पावलांवर बसली, नियमाप्रमाणे पाच मिनिटं दगड झाली, दहा मिनिटं मोजलं आणि वर लिहिलं ठिपक्याचा क्रमांक, वरच्या ठिपक्याचा. मग पेन्सिल खिशात आणि कहवा. खोडलेल्या शून्याच्या जागी तिने आणखी एक सकाळ केली. खरं तर कामाला तीन सकाळी पुरत होत्या. ती सात सकाळी गेली.

दाऊदभाईंनी काही विचारलं नाही. मी त्यांना काही सांगितलं नाही.

मसुदा लिहिताना मला ऑफिसात बोलावलं गेलं आणि तिथे मी भयंकर भाव खाल्ला. सातवं कलम माझं. पाणवठ्याच्या आसपास शिकार करायची नाही, असं ते कलम. कुरियन सरांना मी टेबलावर बोट आपटून समजावलं होतं की पाण्यावर लांबलांबचे पक्षी एका जागी जमतात, बघणाऱ्याला वाटतं किती आहेत, आणि एक माणूस एका सकाळी दरी रिकामी करू शकतो. सर म्हणाले, "व्हेरी गुड पॉइंट, मॅडम." मी खिशातला लाडू काढून खाल्ला. उघडायच्या दऱ्यांच्या यादीत आमची दरी सगळ्यांत वर होती.

मसुदा लोकांपुढे आला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या, आणि चौकशा करणारे निघाले. अल् खुवैरच्या एका खानावळीतला आपला मालवणी आचारी फोन करून विचारायचा, "मॅडम, परवाना मिळाला तर पक्षी सोलून मिळतो का?" एका साहेबांना शिकार करायचीच नव्हती, फक्त परवान्यावरचा फोटो हवा होता. आणि मग त्या दरीच्या तोंडाशी असलेल्या गावात सभा झाली. गावाची बैठकीची खोली, भिंतीला लागून उशा, पुरुष सगळे, कोपऱ्यात खुर्चीवर मी एकटी बाई. कुरियन सर सोबत, आणि दाऊदभाई माझ्या मागे दुभाषे.

सैफ नावाचे एक वृद्ध गृहस्थ उठले. कमरेला खंजर, हातात बारीक काठी. तरुणपणी त्यांनी त्या डोंगरात शिकार केली होती आणि परवाना त्यांनाही हवा होता. त्यांनी सातव्या कलमावर बोट ठेवलं. पाण्यावर का नाही? सर माझ्याकडे वळले. मी उभी राहिले. बावीस वर्षांची सवय, फळ्यापाशी उभी असल्यासारखी सुरू झाले.

"कारण पाण्यावर दूरदूरचे पक्षी येतात. तिथे बघून वाटतं, दरी पक्ष्यांनी भरलीय. पण वर डोंगरात जाऊन बघाल तर..."

वाक्य तिथेच अडकलं. दाऊदभाईंनी तेवढंच अरबीत केलं आणि तेही थांबले. खोलीत सगळे माझ्या उरलेल्या वाक्याची वाट बघत होते. ते वाक्य मी वर त्या पायऱ्यांवर, वाऱ्यात, खोडून आले होते.

सैफ म्हणाले, "बरोबर आहे. मला दात आल्यापासून मी तो उतार चढतोय. तिथे एवढे पक्षी मी तरी पाहिले नाहीत. पण तुमच्या कागदावर आहेत. तुम्ही कुठे बसून मोजलेत?"

दाऊदभाईंनी प्रश्न मराठीत केला. प्रत्येक शब्द सुटा सुटा.

"वर," मी म्हणाले. "जुन्या शेतांच्या पायऱ्यांवर."

दाऊदभाईंनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग अरबी केलं. सैफनी मान हलवली आणि बसले. "मग असतील. आम्ही येऊ."

परतीच्या वाटेवर कुरियन सर त्यांच्या गाडीने पुढे गेले. आमच्या गाडीत घाट संपला, सपाटी लागली, पेट्रोल पंप आला. दाऊदभाई तेल भरून परत आत बसले आणि समोर बघत म्हणाले, "आमच्याकडे पेटी उघडून गिऱ्हाइकाला वरच्या थरातला आंबा दाखवतात. खाली काय आहे ते घरी गेल्यावर कळतं. टीचर, तुम्ही वरचा आंबा दाखवलात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी काय आंधळा आहे? मला वाटलं साहेबांनी सांगितलं असेल, खाली बसा म्हणून. आज कळलं की नाही सांगितलं."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"मी तर्जुमा करणारा माणूस. तुम्ही बोललात ते मी बोललो." गाडी सुरू करून ते पुढे म्हणाले, "पण माझ्या तोंडातून पण खोटंच गेलं ना."

दुसऱ्या दिवशी मी कुरियन सरांच्या समोर बसले आणि सांगून टाकलं. माझं हिंदी मराठीवरच चालतं, त्यात घाबरले की फारच.

सर पेन फिरवत राहिले. "और किसको पता है?"

"दाऊदभाई को. और बकरी लोग को."

ते हसले नाहीत. "मॅडम, रिपोर्ट पे कंपनी का नाम है. एक दरी का नंबर गलत निकला, तो बाकी सब पे डाउट आएगा. छोड़ दीजिए. परमिटवाला जाएगा, दो-चार पक्षी मारेगा, घर आएगा."

"दो-चार कहाँ मिलेगा उसको? डोंगर तो रिकामा है! वो सीधा पानी पे जाएगा. उस बाई के दरवाजे में."

"पानी पे शूटिंग मना है. आप ही का क्लॉज है."

"देखने को कौन बैठा है वहाँ? वो एकटी बाई?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "आपका रिन्यूअल मेरे टेबल पे है. मैं कुछ बोल नहीं रहा. सिर्फ बता रहा हूँ कि टेबल पे है."

शुक्रवारी प्राचीकडे जेवता जेवता मी सगळं सांगितलं. ती ताटावरून उठलीच.

"आई, तू गप्प बस ना! कुणाला कळणार आहे? व्हिसा गेला तर साताऱ्याच्या त्या बंद फ्लॅटमध्ये एकटी जाऊन राहणार आहेस?"

"इथे मी जत्रेतच असते नाही का?"

बोलून गेले. ती स्वयंपाकघरात जाऊन डबे भरत राहिली, दोन दिवसांची भाजी, चार दिवसांची चटणी. अजूनही ते वाक्य आठवलं की मी स्वतःशीच जीभ चावते. पोर रोज पन्नास किलोमीटर गाडी चालवून नोकरी करत होती, तिने आणखी काय करायचं होतं?

ईरा आठ वर्षांची होती आणि तिचं मराठी अडखळत चालायचं. तिने एवढंच विचारलं, "आजी, म्हणजे तू... चीटिंग केला? टीचर पण करते?"

बावीस वर्षं मी कॉपी पकडली होती. बाकाखालून, बाहीतून, एकदा तर पोळीच्या घडीतून. पकडलेल्या प्रत्येक पोराने मला सांगितलं होतं की बाई, फक्त एकदाच.

हरकतींची मुदत संपायला थोडे दिवस राहिले होते. मी कोरा फॉर्म आणला. सरांना सांगितलं की अहवाल मागे घेऊ नका, मी बाहेरून हरकत घेते, सोबत नवी मोजणी जोडते. सर म्हणाले, "कंपनी की गाडी नहीं मिलेगी." दाऊदभाई म्हणाले, "माझी आहे ना."

हरकतीचं कारण या रकान्यात मी लिहिलं, मोजणारी व्यक्ती नेमून दिलेल्या जागी बसली नव्हती, आणि तसं विचारल्यावर तिने सभेत खोटं सांगितलं. खाली आणखी एक रकाना होता, सदर व्यक्तीशी आपला संबंध. तिथे लिहिलं, तीच मी.

मग तीन सकाळी मी पुन्हा वर चढले. पहिल्या दिवशी डोणीपाशी उम्म सालिम उभी राहिली, हात वर केला. तिच्यापाशी थांबले असते तर परत खालीच बसले असते, मला माझी खात्री नव्हती. मी नुसता हात केला आणि चढत राहिले. पायऱ्यांवर बसून दुर्बीण लावली तर खाली सगळं दिसत होतं, डोण, खजुराची झाडं, चटई आणि चटईवर दोन ठिपके पांढरे. दोन फिंजान मांडले होते तिने.

"या उम्म ब्राशी!" तिने हाक मारली. दरीतून ती हाक वर आली, भिंतींवर आपटून परत आली. मी दगड झाले होते. मोजणीच्या वेळी ओ द्यायची नसते. तिने पुन्हा मारली. मग थांबली आणि एक फिंजान उचलून आत घेऊन गेली. डोणीवर चकोरांची लगबग मला दुर्बिणीतून दिसत होती. माझ्या उतारावर काही नाही. मी शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने हाक मारली नाही. फिंजान दोनच मांडले होते. माझ्या उतारावर शून्य.

तिसऱ्या दिवशी मला एक नवीनच मोह झाला. आता मला शून्य हवं होतं. तिसरं शून्य आलं की दरी यादीतून सुटणार होती. आणि दहा मिनिटांतलं आठवं चालू असताना एक चकोर पायऱ्या उतरत आला. नर. माझ्यापासून हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ दगडावर चढला, मान ताणली आणि ओरडला. थांबला. ऐकलं. परत ओरडला. उत्तर आलं नाही. त्याने चार-पाच वेळा तसं केलं आणि मग आला तसा पळत निघून गेला. पेन्सिल हातात होती. बघायला कुणी नव्हतं, तिथे कधीच कुणी नसायचं. मी एक लिहिलं.

दरी यादीतून वगळली गेली. एक असूनही. मसुद्याचं पुढे काय झालं ते मला नीटसं माहीत नाही. असे कागद या टेबलावरून त्या टेबलावर बरीच वर्षं राहतात, आणि मी टेबलं मोजायला तिथे नव्हते. माझं रिन्यूअल झालं नाही. कुरियन सरांनी निरोपाच्या वेळी माझ्या जाकिटाकडे बघून विचारलं, "इतने पॉकेट में क्या रखती थीं, मॅडम?" माणूस वाईट नव्हता. साताऱ्याचा फ्लॅट उघडला तेव्हा आत कॅलेंडर सहा वर्षांपूर्वीचं होतं. आता मी तिथेच असते. प्राची रविवारी फोन करते. दिवस मी मोजत नाही, मोजणी या विषयात माझं नाव खराब आहे.

पण तिसऱ्या सकाळचं एक राहिलं.

वही मिटून मी खाली उतरले. आधीचे दोन दिवस तिच्या घरावरून नुसता हात करत गाडीत जाऊन बसले होते, आज थांबायलाच हवं होतं. उम्म सालिम चटईवर बसली होती, मान फिरवून. दाऊदभाई गाडीपाशी. मी जाऊन समोर बसले आणि त्यांना म्हटलं, सगळं सांगा. मी काय केलं, कुठे बसायला हवं होतं, तिथे का बसले नाही, माझ्यामुळे इथे बंदुका कशा आल्या असत्या, सगळं. दाऊदभाईंनी बराच वेळ सांगितलं. या वेळी ते ओरडत नव्हते. नेहमीपेक्षा जवळ येऊन, खाली बघत बोलत होते.

तिने ऐकून घेतलं. मग एक प्रश्न विचारला.

"विचारतेय, इथे का बसलात? पाय दुखत होता म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "वर कुणी नव्हतं."

दाऊदभाईंनी ते अरबीत केलं. उम्म सालिमने माझ्याकडे नीट बघितलं, आणि मग काहीतरी बोलून अशी हसली की बकऱ्या मागे सरकल्या.

"काय म्हणाली?"

दाऊदभाईंनी घसा साफ केला. "म्हणतेय, तुम्ही तीन दिवस वर पक्षी मोजत होतात, ती खालून तुम्हाला मोजत होती. पहिल्या दिवशी एक. दुसऱ्या दिवशी एक. आज पण एक."

तिने दुसरा फिंजान माझ्यापुढे सरकवला आणि ओतला. मी प्यायले. तिने ओतला. दाऊदभाई गाडीत जाऊन बसले होते. डोणीवरचे पक्षी एक एक करत डोंगराकडे पळाले. ऊन चटईवर आलं. तिने पुन्हा ओतला, आणि पुन्हा, आणि प्रत्येक वेळी किटली वाकवायच्या आधी माझ्या हाताकडे बघितलं.

मी फिंजान हलवला नाही.